द्वारका ते सातपूर

बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी नाशिकहून आपाचा फोन आला. सलाम-दुआ झाली, कुर्बानीच्या गोश्तचे वाटप कसे झाले याची विचारपूस झाली आणि मग ती मुद्द्यावर आली. मुलगा दहावी पास झाला आहे. दुल्हाभाई म्हणतात, उद्यापासून गॅरेजवर येऊ दे. ती म्हणते, आयटीआयचा फॉर्म भरू दे. आठ दिवस घरात हाच वाद चालला होता आणि फॉर्मची मुदत संपत आली होती. "तुम्ही दोघे या. ते तुमचं ऐकतात," ती म्हणाली.

दुल्हाभाई आमचे कितपत ऐकतात हे आम्हाला ठाऊक होते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळीच संगमनेरच्या स्टँडवरून नाशिकची एसटी पकडली. सत्तरेक किलोमीटरचा हा रस्ता आम्ही लहानपणापासून करत आलो. पण या वेळी तो वेगळ्या नजरेने पाहिला. एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कोणत्या दारात उभे करायचे, हा प्रश्न घेऊन निघाले की रस्त्याकडेची प्रत्येक चिमणी आणि प्रत्येक पाटी वाचावीशी वाटते.

विडीच्या सुपातून निघालेला रस्ता

संगमनेर आणि सिन्नर ही दोन्ही गावे विडीची. आमची अम्मी विडी वळायची. मांडीवर सूप, त्यात जर्दा, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पाने. फर्मा पानावर ठेवून कात्रीने पान कापायचे, चिमूटभर जर्दा पसरून वळायचे, टोक मुडपायचे आणि दोरा गुंडाळायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. मजुरी हजाराच्या हिशेबाने. दिवसभर मान खाली घालून बसले तरी हजाराचा आकडा गाठणे सोपे नव्हते. त्यातून कारखान्यात माल देताना खराब म्हणून काही विड्या बाजूला काढल्या जात, त्या वेगळ्याच. आमच्या मोहल्ल्यात, पद्मशाली समाजाच्या गल्लीत, घरोघर बायका हेच काम करत. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला. पुढे कार्ड आले, पीएफ आला, मुलांना शिष्यवृत्ती आली. अम्मीचे ते कार्ड आजही आमच्या पेटीत आहे. तिच्या खोकल्याची आठवणही आहे. जर्दा हाताने हाताळला तरी छातीत जातो.

विडी ओढणारे कमी होत गेले आणि ते चांगलेच झाले. पण त्या सुपावर चालणाऱ्या घरांनी पुढे काय करायचे? सिन्नरने त्याचे उत्तर शोधायचा प्रयत्न केला. सिन्नर हा पावसाने नेहमी हुलकावणी दिलेला तालुका. शेतीवर सगळ्यांचे भागणे शक्य नव्हते. शिर्डीच्या रस्त्याला मुसळगावला स्थानिक लोकांनी सहकारी तत्त्वावर औद्योगिक वसाहत उभारली. नाशिककडे जाताना माळेगावला एमआयडीसी आली. हे माळेगाव सिन्नर तालुक्यातले. यंत्रमागाचे मालेगाव निराळे. नाशिकपेक्षा जमीन स्वस्त आणि महामार्ग दाराशी, म्हणून कारखाने इकडे सरकले. आमच्या शेजारच्या बाकावर बसलेला एक तरुण माळेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. त्याची आजी विडी वळायची, आई विडी वळायची, बायको मात्र त्याच वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात जुळणीच्या कामावर जाते. तीन पिढ्यांची ही हकिगत त्याने सहज सांगितली आणि खिडकीला डोके टेकून झोपी गेला. रात्रपाळी करून तो मामाच्या गावी जाऊन आला होता आणि दुपारी पुन्हा कामावर हजर व्हायचे होते.

याच सिन्नरने दुसरी बाजूही पाहिली आहे. गुळवंच-मुसळगाव परिसरात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. तिथे २७० मेगावॉटचे पाच संच, म्हणजे १३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला. पण वीज घेणारा करार नाही, कोळसा आणायला रेल्वेमार्ग नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे बंद पडून राहिला. ज्यांनी त्या रोजगाराच्या भरवशावर जमीन दिली, त्यांची मुले नोकरीसाठी नाशिकलाच जात राहिली. कारखाना येणार ही बातमी आणि घरात येणारा पगार यांच्यात किती अंतर असू शकते, हे सिन्नरकरांना कुणी शिकवायला नको.

गोंदे येथे समृद्धी महामार्ग आडवा येतो. शिर्डीपासून भरवीरपर्यंतचा टप्पा मे २०२३ मध्ये सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन नागपूर ते मुंबईच्या उंबरठ्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आता गोदामे, ट्रकचे थांबे, टायर-पंक्चरपासून शीतगृहापर्यंत कामे इथे वाढतील असे लोक बोलतात. आम्ही एवढेच पाहिले की चौकाजवळ चहाच्या टपऱ्या वाढल्या आहेत आणि त्यातल्या एकीवर 'जेसीबी ऑपरेटर पाहिजे' अशी पाटी लावली आहे.

नोटा छापणारे गाव

मोहदरी घाट उतरला, शिंदे-पळसे मागे पडले, दारणेचा पूल ओलांडला की नाशिकरोड लागते. आज ते नाशिक शहराचे उपनगर. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा ते शहरात सामील झाले. त्याआधी नाशिकरोड-देवळालीची नगरपालिका वेगळी होती. गाव वसले ते रेल्वेमुळे. मुंबई-भुसावळ लोहमार्ग जुन्या नाशिकपासून आठ-नऊ किलोमीटर दूरून गेला. एके काळी स्टेशनापासून शहरापर्यंत घोड्यांची ट्राम चालत असे.

या उपनगराला खरी भाकरी दिली ती छापखान्यांनी. १९२५ मध्ये इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाला. तोवर आपल्या देशाची टपाल तिकिटे इंग्लंडहून छापून येत. १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस आला. तिकिटे, स्टॅम्पपेपर, पासपोर्ट, नोटा या सगळ्यांवर नाशिकरोडच्या कामगारांचा हात फिरला आहे. हजयात्रेला जाताना आपण जो पासपोर्ट छातीशी धरतो, तोही इथलाच. प्रेसमधली नोकरी म्हणजे कायम नोकरी, क्वार्टर, दवाखाना आणि पेन्शन. आसपासच्या गावांत 'मुलगा प्रेसमध्ये आहे' एवढ्यावर सोयरीक जुळायची. पुढे १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला आणि 'मुलगा एचएएलमध्ये आहे' हेही वाक्य तसेच चालू लागले.

आमच्या बिरादरीतली प्रेस किंवा एचएएलमध्ये लागलेली माणसे आम्ही बोटांवर मोजू शकतो. त्याला कारणे अनेक आहेत. पण एक कारण आमच्याच घरातले आहे. भरतीची जाहिरात निघायची तेव्हा ज्या कागदांची गरज असे, ते कागद आमच्याकडे नसत. हाताला काम येत होते; ते येते असे सांगणारा कागद नव्हता.

गुलशनाबादच्या गल्ल्या

द्वारकेला उतरलो. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथे भेटतात. त्यामुळे ट्रक आले, ट्रकमुळे गॅरेजे आली. टायर, पत्रा, पेंट, ग्रीस, वायरिंग, गादीकाम. दुल्हाभाईंचे गॅरेज याच भागात आहे. काम पंप-नोझलचे. डिझेल गाडीचा पंप खोलायचा, नोझल तपासायचे, टेस्ट बेंचवर लावून डिझेलची मात्रा ठरवायची. नोझलमधून फवारा कसा पडतो ते पाहूनच ते गाडी धूर का मारते हे सांगतात. हे त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवले, उस्तादांना त्यांच्या उस्तादांनी.

दुपारी जेवण झाल्यावर भाच्याला घेऊन आम्ही जुन्या नाशिकात फेरी मारली. मोगलांच्या काळात या शहराचे नाव गुलशनाबाद होते. गल्ल्यांची नावे अजून धंदे सांगतात. पिंजार घाटात कापूस पिंजणारे राहत. तांबट गल्लीत तांब्या-पितळेची भांडी ठोकली जात. बागवान फळे आणि भाजीपाला विकत. अत्तार, मणियार, तांबोळी, प्रत्येकाची जागा ठरलेली. बडी दर्ग्याजवळून दूध बाजाराकडे येताना आम्ही भाच्याला विचारले, "यातले किती धंदे आज चालू आहेत?" तो म्हणाला, "मामू, बागवानांचा जोरात आहे."

पोराने अचूक सांगितले. नाशिकची द्राक्षे, टोमॅटो, लासलगाव-पिंपळगावचा कांदा यांचा व्यापार वाढला, तसे बागवानही वाढले. काहींचे गाडे होते त्यांचे गाळे झाले, काहींचे ट्रक झाले. पिंजाऱ्यांचे मात्र गादी कारखान्यांपुढे चालेना. तांबटांच्या हातोड्याला स्टीलने गप्प केले. धंदा जातो तेव्हा एका दिवसात जात नाही. आधी गिऱ्हाईक विरळ होते, मग मुले दुसरीकडे बघू लागतात, मग एक दिवस दुकानाच्या जागी मोबाइल रिचार्जचा फलक लागतो.

दुल्हाभाईंच्या गॅरेजवर संध्याकाळी बसलो तेव्हा हीच गोष्ट डोळ्यांसमोर आली. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा गाड्या आल्या. त्यांच्या डिझेल यंत्रणेत सेन्सर आहेत, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे. कॉमन रेलची गाडी आली की आधी स्कॅनर लावावा लागतो. स्कॅनर महाग आणि तो काय म्हणतो ते वाचता यायला हवे. दुल्हाभाईंकडे आता येतात त्या बहुतेक जुन्या गाड्या, ट्रॅक्टर आणि जनरेटर. "अजून दहा वर्षे निघतील," ते म्हणाले. मुलाचे वय सोळा. दहा वर्षांनी तो सव्वीसचा असेल आणि त्याच्या लग्नाची बोलणी चालू असतील. हे आम्ही बोललो नाही, पण त्यांनी हिशेब केला असावा. ते उठून नोझल पुसू लागले.

मग त्यांनी आपली बाजू मांडली आणि ती चुकीची नव्हती. शेजाऱ्यांचा मुलगा आयटीआय करून एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागला. काही महिन्यांनी ब्रेक दिला. पुन्हा घेतला, पुन्हा ब्रेक. तीन वर्षे झाली, अजून कायम नाही. "मियाँ, त्याच्यापेक्षा माझा पोऱ्या जास्त कमावतो. मग दोन वर्षे वाया कशाला घालवायची?" आपा चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "तुमचा पोऱ्या आजारी पडला तर त्याला कोण बघतं?" यावर दुल्हाभाई काही बोलले नाहीत. मागच्या पावसाळ्यात त्या पोऱ्याच्या बोटावर जॅक सरकला होता आणि टाक्यांचे पैसे आपाने बचतीतून दिले होते.

सकाळी सातची पाळी

दुसऱ्या दिवशी फजरनंतर आम्ही सगळेच निघालो. दुल्हाभाईही आले, गॅरेज दहाला उघडते असे म्हणत. सिटीलिंकच्या बसने सीबीएस, तिथून त्र्यंबक रस्त्याने मायको सर्कल, आयटीआय सिग्नल आणि सातपूर. जुन्या नाशिकातून इथे यायला बसला पाऊण तासही लागला नाही. आपा अठरा वर्षे नाशिकला राहते. ती सातपूरला दुसऱ्यांदाच येत होती.

पहिल्या पाळीची वेळ होती. मोटारसायकली, सायकली, कंपन्यांच्या बसेस, पायी चालणारे लोक. निम्म्या लोकांच्या पाठीवर डब्याची पिशवी. फाटकापाशी पोहे आणि मिसळीच्या गाड्या. बऱ्याच मुली होत्या, गळ्यात ओळखपत्रे आणि डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. विजेची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांत जुळणीच्या कामाला मुली मोठ्या संख्येने असतात.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि सातपूर ही त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. पुढे अंबड झाले. महिंद्रा, मायको म्हणजे आजची बॉश, सिएट, क्रॉम्प्टन ही नावे नाशिककरांच्या तोंडी बसली. २००२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ गाडी इथल्याच कारखान्यात तयार झाली. कामगारांना राहायला घरे हवीत म्हणून सिडकोने अंबडच्या बाजूला नवीन नाशिक वसवले. आज त्या सगळ्या भागाला लोक नुसते सिडको म्हणतात. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांवर पोचली, त्यात या वसाहतींचा मोठा वाटा आहे. देवस्थानाचे गाव कामगारांचे शहर झाले.

मोठ्या फाटकांच्या मागे खरी गर्दी लहान गाळ्यांची आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ अंबडला असा गाळा चालवतात. नांदगावहून हेल्पर म्हणून आले, टर्नर झाले, आता चार लेथ आणि एक सीएनसी आहे. त्यांनी आम्हाला हा व्यवहार समजावून सांगितला. मोठी कंपनी गाडी जुळवते. तिचे सुटे भाग बाहेरचे पुरवठादार देतात. पुरवठादार त्यातली कामे पुन्हा लहान गाळ्यांना देतो. कुणी टर्निंग करतो, कुणी ड्रिलिंग, कुणी पावडर कोटिंग. एक लोखंडी तुकडा पाच-सहा गाळे फिरून गाडीत बसतो. त्यामुळे गाडीचा खप वाढला की सगळ्या अंबडला ओव्हरटाइम मिळतो आणि खप घसरला की आधी लहान गाळ्यातला हेल्पर घरी बसतो. आता विजेच्या गाड्या येत आहेत. त्यांना डिझेलचा पंप नको, नोझल नको. ज्यांचे काम त्या भागांवर होते त्यांना नवीन काम शोधावे लागत आहे.

"मग तुम्ही कसे टिकलात?" दुल्हाभाईंनी विचारले.

"पहिला लेथ जुना घेतला, भिशीच्या पैशातून," ते म्हणाले. "व्याज नको होते. दुसऱ्याला मेहुण्यांनी भागीदारीत पैसे घातले, नफा-तोटा निम्मा. पण खरा फरक पडला तो कागदांनी. जीएसटी काढला, उद्यम नोंदणी केली. त्याशिवाय पुरवठादार दारात उभा करत नाही. बिल अडकले तर दाद तरी कुठे मागणार?"

उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि तिला एक रुपयाही फी नाही. दुल्हाभाईंनी ते दोनदा विचारून घेतले. कुणा एजंटाने त्यांच्याकडे त्याचे दीड हजार मागितले होते.

परतताना आम्ही सातपूर-अंबड लिंक रोडने आलो. इथे भंगाराचा मोठा बाजार वसला होता. कारखान्यांतून निघणारा पत्रा, चुरा, लाकूड, ड्रम, जुन्या मोटारी सगळे इथे येई आणि वेगळे होऊन पुन्हा भट्टीकडे जाई. जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने अनधिकृत म्हणून शेकडो दुकाने पाडली. त्यात आपल्या समाजाची, दूरून पोटासाठी आलेली माणसे पुष्कळ होती. शहराला भंगारवाला लागतो, रोज लागतो. पण जागेचा कागद नसेल तर पंचवीस वर्षांचा धंदा एका सकाळी रस्त्यावर येतो. वस्तीत भंगार जाळल्याचा धूर होता, आगी लागत, आसपासच्या लोकांची तक्रारही खरी होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच असा धंदा कायदेशीर जागेत, परवान्यासह उभा राहावा यासाठी आधीच धडपडायला हवे. बुलडोझर दारात आल्यावर फाइल शोधून उपयोग होत नाही.

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये

शेवटी आयटीआय. आम्ही खिडकीवर चौकशी केली. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, मोटार मेकॅनिक हे दोन वर्षांचे. डिझेल मेकॅनिक आणि वेल्डर एका वर्षाचे. वेल्डरला आठवी पासही चालते. सगळ्या ट्रेडना मुलींना प्रवेश आहे. हे ऐकून आपाची नववीतली मुलगी, जी नुसती फिरायला म्हणून आली होती, तिने पुढे होऊन इलेक्ट्रिशियनचा कागद मागून घेतला. राज्यातल्या काही शासकीय आयटीआयमध्ये अल्पसंख्याक मुलांसाठी जादा तुकड्याही चालतात. अर्ज भरताना त्याची माहिती विचारावी लागते, आपणहून कुणी सांगत नाही.

वर्कशॉपमध्ये एक इंजिन खोलून ठेवले होते. दुल्हाभाई सरळ त्याच्यापाशी गेले. तिथल्या निदेशकांनी आधी त्यांना हटकले, मग बोलणे सुरू झाले. कॉमन रेलमध्ये दाब किती असतो, सेन्सर बिघडला तर कसे ओळखायचे, दुल्हाभाई विचारत होते. थोड्या वेळाने निदेशक विचारू लागले की जुन्या पंपाचे अमुक काम टेस्ट बेंचवर कसे करता. अर्धा तास दोघे बोलत होते. भाचा बाजूला उभा राहून ऐकत होता. बापाला कुणी 'सर' म्हणून प्रश्न विचारताना त्याने कधी पाहिले नसावे.

निदेशकांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, ती आम्हाला महत्त्वाची वाटली. "आयटीआय केली म्हणजे कायम नोकरी मिळाली असे मी कुणालाही सांगत नाही. कंत्राटी काम खूप आहे. पण प्रमाणपत्र असेल तर अप्रेंटिसशिप मिळते, तिथे नवीन मशीन हाताखाली येते. ते शिकून घेतले तर कंपनीने नाही ठेवले तरी मुलगा उपाशी राहत नाही."

बसमध्ये आमच्या मनात सच्चर समितीचा २००६ चा अहवाल येत होता. मुस्लिम कामगारांत स्वतःचा लहानसहान धंदा करणाऱ्यांचे प्रमाण जास्त आणि नियमित पगाराच्या नोकरीचे प्रमाण कमी, हे त्यात आकड्यांनिशी मांडले आहे. लोक त्याचा अर्थ काढतात की आपल्याला नोकरी नको असते, धंदाच आवडतो. सातपूरची फाटके पाहिल्यावर आम्हाला वाटले, आवडीचा प्रश्न नंतरचा. जुन्या नाशकातून सातपूर जवळ आहे, बस आहे, तिकीट परवडते. दूर आहे ते फॉर्मची तारीख, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आधारवरचे बरोबर नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची बरोबर जन्मतारीख. या गोष्टींसाठी कुणाशी भांडावे लागत नाही. एक-दोन दिवसांची मजुरी बुडवून रांगेत उभे राहावे लागते, आणि तेच आपण पुढे ढकलतो.

नाशिकहून येताना आम्ही वहीत काही गोष्टी टिपून आणल्या. इतर घरांनाही उपयोगी पडतील म्हणून देतो. मुलगा-मुलगी नववीत असतानाच दाखले आणि आधारवरचे नाव तपासून घ्यावे. आयटीआयचा प्रवेश ऑनलाइन असतो आणि दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतो. तारीख स्वतः पाहावी. कंत्राटी काम धरले तर पहिल्याच महिन्यात पीएफचा यूएएन क्रमांक आणि ईएसआय कार्ड मागावे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआय लागू असतो आणि घरच्यांच्या दवाखान्याचीही सोय होते. पगारातून पीएफ कापला तर तो खात्यात जमा झाला का, हे मोबाइलवर दिसते. दर महिन्याला पाहावे. आणि घरचा धंदा कितीही लहान असो, त्याची उद्यम नोंदणी करून ठेवावी.

मगरिबनंतर

त्या संध्याकाळी मगरिबची नमाज पढून दुल्हाभाई घरी आले. जेवण होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, "फॉर्म काढ." पहिली पसंती मोटार मेकॅनिक, दुसरी डिझेल मेकॅनिक. एक अट त्यांनी घातली: रविवार आणि रोज संध्याकाळी दोन तास गॅरेजवर. मुलाने मान हलवली. आपाने विचारले, "आणि पगार?" दुल्हाभाई हसले. "देईन. पोऱ्याला देतो तेवढा."

फॉर्म भरून झाल्यावर भाच्याने त्याच मोबाइलवर बापाची उद्यम नोंदणी केली. आधारवर आलेला ओटीपी दुल्हाभाईंनी मोठ्याने वाचून दाखवला. अर्ध्या तासात प्रमाणपत्र आले. त्यावर गॅरेजचे नाव पाहून ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. तीस वर्षे ज्या नावाने लोक त्यांना ओळखतात, ते नाव त्यांनी प्रथमच कागदावर पाहिले होते. मग त्यांनी त्या पोऱ्याला फोन लावला आणि सांगितले की उद्या येताना आधारकार्ड घेऊन ये, तुझ्या विम्याचे काय करता येते ते बघू.

प्रवेशाची यादी लागायला अजून वेळ आहे. नंबर कुठल्या ट्रेडला लागतो, पुढे कोणते काम मिळते, हे आज कुणी सांगू शकत नाही. विजेच्या गाड्या किती लवकर येतील तेही नाही. रोजी अल्लाहच्या हातात आहे. फॉर्म भरणे आपल्या हातात होते, ते झाले.

परतीच्या एसटीत सिन्नरला एक म्हातारी बाई चढली. तिच्या पिशवीतून टेंभुर्णीच्या पानांचा वास आला. आम्ही तिला खिडकीची जागा दिली. ती माल देऊन येत होती. नातू काय करतो असे विचारले तेव्हा म्हणाली, "माळेगावला कंपनीत आहे. अजून पर्मनंट नाही." आणि लगेच पुढे म्हणाली, "पण कार्ड काढलंय त्यानं."